काकूंनी ताटकळत ठेवलं, ते बरंच झालं

प्रश्न : ताई, नाव छापू नका. मी डोंबिवली पूर्वेला राहते, ऑफिस बीकेसीत. मुलगी 11 महिन्यांची आहे. बाळंतपणाची रजा संपल्यावर बिनपगारी रजा वाढवत आणली, पण पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंच आहे. दोन पाळणाघरं पाहून ठेवलीत. एक आमच्या कॉम्प्लेक्सच्या खालीच, नावाजलेल्या साखळीतलं. एसी, भिंतींवर चित्रं, मोबाइलवर दिवसभर कॅमेरा दिसतो, दर महिन्याचा ॲक्टिव्हिटीचा तक्ता. दुसरं दोन गल्ल्या सोडून एका काकूंच्या घरी. त्या बरीच वर्षं चालवतात, सहा मुलं आहेत, हाताखाली एक बाई आहे, कॅमेरा नाही. आम्ही गेलो तेव्हा काकू एका मुलाला भरवत होत्या. त्यांनी आम्हाला पंधरा मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. मिस्टरांना ते खटकलं, त्यांचं मत कॅमेरावाल्याला आहे. सासूबाई कराडला असतात, त्या म्हणतात, परक्या बाईच्या हाती पोर देण्यापेक्षा नोकरी सोड. मला नोकरी सोडायची नाही, पण रात्र रात्र झोप लागत नाही. मुलीला त्या बाईचाच लळा लागला तर? आणि काही चुकलं तर त्यांना सांगायचं कसं? शेजारणीने एकदा जरा बोलून दाखवलं, तर काकू आठवडाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत म्हणे.
– एक आई, डोंबिवली

उत्तर : मिस्टरांना जे खटकलं ते वाचून मला काकूंबद्दल बरं वाटलं. दारात नवीन आई-बाप आलेत, महिन्याला पैसे येणार आहेत, आणि ही बाई एका मुलाच्या तोंडातला घास संपेपर्यंत जागची हलत नाही. उद्या तिथे तुमची मुलगी जेवायला बसलेली असेल आणि दारात दुसरं कुणी उभं असेल, तेव्हाही काकू अशाच बसून राहतील अशी आशा करायला जागा आहे. पाळणाघर बघायला गेल्यावर आपलं आगतस्वागत कसं झालं याला फारशी किंमत देऊ नये. आपण आत बोलत बसलो होतो तेव्हा मुलांकडे कोण बघत होतं, ते बघावं.

म्हणून लगेच काकूंकडे ठेवा असं सांगत नाही. तुम्ही दोन्हीकडे एकेकदाच गेलात. पुन्हा जा, आणि दुपारी साडेअकरा ते दीड असं बसायला जा. त्या दोन तासांत जेवण असतं, शी-शू असते आणि झोपवणंही असतं. ‘अर्धा तास पुरेल ना मॅडम’ असं कुठे म्हणाले तर ते लक्षात ठेवा.

बसल्यावर भिंतींकडे बघू नका. वरणाची वाटी उपडी होते तेव्हा बघा. ती होतेच. एखादी बाई ‘अगं बाई, सांडलं का’ म्हणते, फडकं घेते, पुसता पुसता पोराच्या हातात रिकामा चमचा देते आणि उरलेला भात भरवायला लागते. दुसरी काही बोलत नाही, पण त्याला हाताला धरून बाजूला बसवते, आणि ते पोर पुढची दहा मिनिटं तिथेच, भरल्या हातांनी, कुणाचं लक्ष जाईल याची वाट बघत बसतं. ही दुसरी बाई वाईट नाही हो, ती मारत नाही, ओरडतही नाही. पण अकरा महिन्यांच्या मुलीला दिवसाचे दहा तास तिच्याकडे ठेवावं असं मला वाटत नाही. लंगोट बदलताना बघा. बाई बाळाशी बोलते का, की त्याच्या डोक्यावरून दुसऱ्या बाईशी गप्पा चालू असतात? बुडापेस्टच्या डॉ. एमी पिक्लर यांनी 1946 मध्ये तान्ह्या, पोरक्या मुलांसाठी बालगृह सुरू केलं. तिथल्या दाईंना त्यांनी शिकवलं ते हेच : बाळाला उचलण्याआधी सांगा, कपडे बदलताना घाई करू नका, कारण बाळाची आणि तुमची ओळख होणार आहे ती याच वेळात. आपल्या आज्या न्हाऊ घालताना अखंड बोलायच्या, त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ॲक्टिव्हिटीचा तक्ता मात्र तिथेच ठेवून या. अकरा महिन्यांच्या मुलीची ॲक्टिव्हिटी म्हणजे डबा उघडणे आणि डबा लावणे.

आवाजही ऐका. सहा पोरं आहेत आणि घर चिडीचूप आहे, तर मला शंका येते.

आता हातांचा हिशोब. केंद्र सरकारने 2018 मध्ये पाळणाघरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी असं प्रमाण आहे. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस लागतो. दहा रांगती पोरं एका बाईने सांभाळायची म्हणजे ती सांभाळत नाही, फक्त मोजते. माझं मत विचाराल तर तुमच्या मुलीच्या वयाला चारामागे एक, याच्या पुढे जाऊ नये. काकूंकडे सहा मुलांत दोन बायका, हे चांगलं आहे. पण त्या सहांत रांगणारी किती, आणि शाळा सुटल्यावर दुपारी आणखी चार मोठी पोरं येतात का, ते विचारा. घरगुती पाळणाघरात हा दुपारचा लोंढा सकाळी गेलेल्या आई-बापांना दिसतच नाही. हाताखालची बाई सुट्टीवर असली की काय करतात, तेही विचारा.

साखळीवाल्यांना एकच प्रश्न पुरे : बाळांच्या खोलीतली ताई गेल्या दिवाळीला हीच होती का? अशा ठिकाणी मालक, मॅनेजर, पाटी सगळं पक्कं असतं, आणि बाळाला जिची सवय होते ती मुलगी तुटपुंज्या पगारावर सहा महिन्यांत दुसरीकडे जाते. तुमच्या मुलीला ब्रँड कळत नाही, चेहरा कळतो. चेहरा टिकणार असेल आणि ती मुलगी कामात बरी असेल, तर साखळीतलं पाळणाघरही उत्तम. मी त्यांच्या विरोधात नाही.

काकूंचं घर निरखताना संकोच सोडा. बाथरूममध्ये भरलेली बादली उघडी असते का, ते आधी बघा. रांगतं मूल वाकून बघतं आणि डोक्याकडून आत जातं, थोडं पाणीही त्याला पुरतं. गॅलरीला जाळी, गॅसचा ओटा, औषधांचा डबा, इस्त्री, चहाचा गरम कप कुठे टेकवतात, हे सगळं बघा. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं या वयाला नकोतच. एक वर्षाच्या आत मधही नाही, बोटाला लावूनही नाही. काकूंच्या पिढीत मध चाटवायची पद्धत होती, म्हणून आधीच सांगून ठेवा. त्यानंतर अवघड प्रश्न : दुपारी घरात आणखी कोण असतं? काका असतात का, मुलगा असतो का, त्याचे मित्र येतात का, मुलांना कुणाजवळ किती वेळ एकटं ठेवता? सरळ, तोंडावर विचारा. बरीच वर्षं हे काम करणाऱ्या बाईला या प्रश्नाचा राग येत नाही, तिला तो सवयीचा असतो. राग आलाच, तर पुन्हा विचार करा.

कॅमेऱ्याबद्दल मिस्टरांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. 2016 च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण उघड झाली ती सीसीटीव्हीमुळेच. पण कॅमेरा तर आधीपासून चालूच होता. त्याने पुरावा दिला, उगारलेला हात नाही अडवला. कॅमेरा असेल तर असू दे, मात्र त्याच्या भरवशावर माणूस निवडू नका. शिवाय ते चित्र आणखी किती पालकांच्या मोबाइलवर जातं आणि लंगोट बदलायची जागा त्यात दिसते का, हे मिस्टरांनी विचारलं होतं का? आणि एक तुमच्यासाठी. मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून दिवसभर मुलगी बघत बसलात, तर ती एकदा रडताना दिसेल, आवाज येणार नाही, कारण कळणार नाही आणि तुमचा दिवस संपेल. तुमची झोप कॅमेऱ्याने परत येणारी नाही.

जाता जाता कायद्याचं. 2017 च्या दुरुस्तीने पगारी बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही आहे. बीकेसीत ती सोय असली तरी सकाळच्या फास्टला डोंबिवलीहून कडेवर पोर घेऊन कोण चढणार, हे कायदा करणाऱ्यांनी सांगितलेलं नाही. तरीही एचआरला लेखी विचारा. सोय नसेल तर बाहेरच्या पाळणाघराच्या फीचा काही भाग देतात का, तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

आता लळ्याचं. लागला तर? अहो, लागलाच पाहिजे. दहा तास ज्या बाईकडे राहायचं तिचा लळा लागला नाही, तर ती मुलगी दहा तास करेल काय? अमेरिकेत 1991 पासून तेराशेच्या वर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा एक मोठा सरकारी अभ्यास झाला. त्यात दिसलं ते असं की, मूल पाळणाघरात राहतं एवढ्यावरून त्याची आईशी असलेली ओढ पक्की की कच्ची हे ठरत नाही. आई घरी असताना त्याच्या हाकेला ओ देते का, यावर जास्त ठरतं. घरीही दुर्लक्ष आणि पाळणाघरही सुमार असं दोन्ही जुळून आलं, तेव्हा काळजी करण्यासारखं चित्र दिसलं. तुम्ही रात्र रात्र जाग्या राहून पत्र लिहिताय, तुम्हाला घरच्या दुर्लक्षाची चिंता नको. मुलगी एखाद्या संध्याकाळी काकूंच्या कडेवरून तुमच्याकडे यायला का-कू करेल, तेव्हा पोटात खड्डा पडेल, तो पडू द्या. घरी पोचल्यावर ती तुमची ओढणी सोडणार नाही.

एक मात्र तुमच्या नशिबाने अवघड आहे, ते म्हणजे वय. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत मुलं आईला सोडून राहायला सगळ्यात जास्त रडतात. तुम्ही ऐन भरात सोडताय. म्हणजे पहिले दिवस ती रडणार, एसीतही रडणार आणि काकूंकडेही. दारातल्या रडण्यावरून पाळणाघराची परीक्षा करू नका. तुम्ही गेल्यावर किती वेळात शांत होते, पडली-लागली तर काकूंकडे धावते का, दोन आठवड्यांनी तिथे जेवते का, झोपते का, हे विचारा. संध्याकाळी तुम्हाला बघून भोकाड पसरलं तर ते तक्रारीचं नसतं. दिवसभर धरून ठेवलेलं असतं, ते हक्काच्या माणसासमोर सुटतं.

म्हणून रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नका सोडू. आजपासूनच लागा. पहिले दोन-तीन दिवस तासभर तुम्ही तिथेच जमिनीवर बसा, तिला खेळू द्या, काकूंना तिच्याशी बोलू द्या, तुम्ही मध्ये मध्ये करू नका. मग अर्ध्या तासासाठी बाहेर जा. मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. जाताना मागच्या दाराने सटकू नका. सगळे तोच सल्ला देतात, ‘तिचं लक्ष नाही तोवर पळा.’ पळालात की तिला कळतं, आई न सांगता नाहीशी होते. मग ती खेळतानाही दाराकडे बघत राहते. ‘आई जाते, संध्याकाळी येते’ म्हणायचं, पापा घ्यायचा, निघायचं. आणि निघालात की निघायचं, जिन्यात उभं राहून ऐकत बसायचं नाही. सोबत तुमची जुनी, न धुतलेली ओढणी द्या, काकू हसल्या तरी.

आता काकूंशी कसं वागायचं. हा तुमचा प्रश्न पत्रात शेवटी आलाय, पण मला तोच मोठा वाटतो. पाळणाघर एका दिवसात निवडून होतं, काकूंशी रोज बोलावं लागतं, बहुधा पुढची दोन-तीन वर्षं.

आधी व्यवहार कागदावर घ्या. नातं जोडलं की पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून नातं जुळायच्या आत हे उरका. एक पानभर पुरे : वेळ, फी आणि ती द्यायची तारीख, त्यांच्या वर्षाच्या सुट्ट्या, गणपतीत गावी जातात का, मुलीला न्यायला कोण कोण येऊ शकतं आणि दुसरं कुणी आलं तर फोन केल्याशिवाय सोडायचं नाही. औषध विचारल्याशिवाय द्यायचं नाही, साधं सर्दीचंही. उशीर झाला तर तासाला किती. हे शेवटचं तुम्हीच काढा, काकू काढणार नाहीत. पावसाळ्यात मध्य रेल्वे ठाकुर्लीला दीड तास उभी राहील, तेव्हा काकूंच्या घरचा स्वयंपाक खोळंबलेला असेल. उशीर कळला की लगेच फोन, आणि महिनाअखेरीस न मागता त्या वेळेचे पैसे. मिठाईच्या पुड्यावर भागवू नका.

दुसरं, तापाचं. सकाळी सात वाजता पॅरासिटामॉल पाजायचं, अंग गार लागेपर्यंत थांबायचं, आणि ‘काल जरा कणकण होती, आता बरी आहे’ म्हणून सोडून यायचं. पुष्कळ आई-बाप हे करतात. मीटिंग असते, रजा संपलेली असते, मला सगळं कळतं. पण बाराच्या सुमाराला औषध उतरतं, पोर फणफणतं, तोवर त्याने सगळ्यांची खेळणी तोंडात घातलेली असतात. असं एकदा झालं की काकू तुमच्या कुठल्याच बोलण्यावर विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. औषधाशिवाय चोवीस तास ताप नसला पाहिजे, मगच सोडायचं. पावसाळ्यात हात-पाय-तोंडावर पुरळ येणारा तो आजार एका मुलाला झाला की आठवड्याभरात सगळी खोली धरतो.

रोजची दोन मिनिटं दारात द्या, फोन पर्समध्ये ठेवून. सकाळी सांगायचं : रात्री तीनदा उठली, दात येतोय, सकाळची पेज अर्धीच घेतली. म्हणजे अकराला ती किरकिर करायला लागली की काकूंना कारण माहीत असतं. संध्याकाळी ‘रडली का हो?’ विचारलंत तर ‘नाही नाही, छान राहिली’ एवढंच उत्तर मिळणार, कारण तुमच्या तोंडावरच दिसत असतं की दुसरं उत्तर तुम्हाला झेपणार नाही. ‘आज कशात रमली?’ असं विचारून बघा. मग काकू सांगतील : ‘अहो, आज त्या कुकरच्या शिट्टीला हसत होती सारखी. खिचडी चार घास घेतली, पुढे तोंड फिरवलं. दुपारी शी जरा पातळ झाली, बघा उद्या.’ यातलं शिट्टीचं वाक्य त्यांनी आपणहून सांगितलं, तर समजा की ही बाई तुमच्या मुलीकडे बघते. त्यांच्या हाताखालच्या बाईचं नाव माहीत करून घ्या आणि तिच्याशीही बोला. लंगोट बहुतेक तीच बदलत असेल, आणि पालक तिच्याशी सहसा बोलत नाहीत.

चूक कशी सांगायची? आधी कुठली चूक ते मनाशी ठरवा. मारणं, अंधाऱ्या खोलीची भीती घालणं, विचारल्याशिवाय औषध, पोर एकटं टाकून खाली भाजी आणायला जाणं, यावर तडजोड नाही, ते त्याच दिवशी बोलायचं. टीव्ही, बिस्किटं, झोपेची वेळ, यावर बोलणी होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटना एक वर्षाखालच्या मुलांना पडदा अजिबात नको म्हणते आणि तो पुढेही नको, पण काकूंच्या घरी दुपारच्या मालिकेचं पुनर्प्रसारण लागणार हेही खरं. ‘मुलं झोपल्यावर लावा’ इतपत त्या ऐकतील. उरलेलं सोडून द्या. त्या गालाला तीट लावतात, ‘बाळे’ म्हणतात, पावडर जास्त थापतात, तुम्ही नाही म्हणत ती गाणी म्हणतात. ते त्यांचं घर आहे, मुलीला तिथलं तिथलं वेगळं कळतं.

दारात, दुसऱ्या आईसमोर, कधीही बोलू नका. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर तर नकोच. दुपारी मुलं झोपलेली असताना फोन करा, किंवा शनिवारी एकटी जा. ‘तुम्ही तिला टीव्ही दाखवता’ असं सुरू केलंत तर काकू वकिलासारख्या उभ्या राहतील. ‘काकू, घरी ती टीव्हीशिवाय घास घेईना झालीय, आपण दोघी मिळून मोडू या का ही सवय?’ असं म्हटलंत तर त्या स्वतःच सांगतील की हो, थोडा वेळ लागतो खरा.

शेजारणीशी आठवडाभर न बोलण्याचं मला तितकंसं भय वाटत नाही. माणसं दुखावतात, आणि आपल्याकडे सांभाळणाऱ्या बायांना कौतुक कमी आणि बोलणी जास्त मिळतात. शेजारणीला एवढंच विचारा, त्या आठवड्यात तिच्या मुलाचं काही कमी-जास्त झालं का? तो नीट जेवून-झोपून येत होता, आणि फुगलेल्या फक्त काकू होत्या, तर खुशाल ठेवा. आईचा राग पोरावर काढला असेल, तर त्या घराची पायरी चढू नका. हे उत्तर तुम्हाला कुठल्याच कॅमेऱ्यात मिळणार नाही. आणि तिने नंतर मुलाला काढलं की ठेवलं, हेही विचारा.

काकूंनी तुम्हाला काही सांगितलं तर ऐकायची तयारी ठेवा. एवढी पोरं बघितलेल्या बाईला काही गोष्टी आधी दिसतात. ‘हाक मारली तर वळून बघत नाही’, ‘एकच हात पुढे करते’ असं त्या म्हणाल्या, तर रागवू नका, डॉक्टरांकडे जा. मी बालवाडीत शिकवत असताना कान तपासून आणा म्हटलं की पालकांचा चेहरा पडायचा, आणि मग मला पुढे काही सांगायला नको व्हायचं. तुमच्या काकूंवर ती वेळ आणू नका.

आणि लगेच बाहेर काढायचं कधी? अंगावर वळ किंवा ओरखडा आहे आणि कुणाला कारण सांगता येत नाही, किंवा दोघी दोन कारणं सांगतात. न सांगता दुपारी गेलात तर दारातच थांबवतात. रोज घ्यायला जाता तेव्हा मुलगी गुंगीत असल्यासारखी झोपलेली असते. रुळलेली मुलगी अचानक एका ठरावीक माणसाला बघून आक्रसते. तेव्हा ‘महिन्याचे पैसे भरलेत’ हा विचार करू नका, आणि संशय पक्का असेल तर चाइल्ड हेल्पलाइन 1098 ला फोन करा. हे वाचून घाबरू नका, बहुतेकींना कधी लागत नाही.

तर माझा कौल असा : दुपारच्या त्या दोन तासांत काकू पंधरा मिनिटांच्या काकूंसारख्याच दिसल्या आणि शेजारणीचं उत्तर बरं आलं, तर काकू. नाहीतर साखळीतल्या त्या ताईंना वर्ष झालंय का ते विचारून तिथे.

सासूबाईंचं थोडक्यात. तुम्हाला नोकरी सोडायची नाही, हे तुम्ही लिहिलंय, म्हणजे तो विषय संपला, त्यावर घरात मतदान नको. परक्या बाईच्या हाती देण्याचं म्हणाल, तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम मांडलं. पुढे कोसबाडला त्यांच्या विकासवाडीत आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच छताखाली आणली. म्हणजे हे काही साहेबाच्या देशातून आलेलं फॅड नाही. एवढं सांगून सासूबाईंचं मत बदलेल असं मात्र मला वाटत नाही. त्यांना पहिले पंधरा दिवस डोंबिवलीला बोलवा आणि काकूंकडे घेऊन जा. दोघी पेजेत जिरं घालावं की नाही यावर बोलत बसतील, आणि कराडला परत गेल्यावर त्या काकूंबद्दल तुमच्यापेक्षा जास्त जणांना सांगतील.

राहिले मिस्टर. अख्ख्या पत्रात त्यांना एक गोष्ट खटकली आणि त्यांचं एक मत आहे, याहून त्यांचं काही काम दिसत नाही. सकाळी सोडायला त्यांनी जावं. एक म्हणजे आईपेक्षा बापाला सोडताना मुलं बऱ्याचदा कमी रडतात, आणि दुसरं, दारातली ती दोन मिनिटं त्यांनाही मिळाली की काकूंबद्दलचं मत कॅमेऱ्याशिवायही बनेल. काकूंच्या कागदावर दोघांचेही नंबर लिहा, त्यांचा वर. आणि मुलीला पहिला ताप येईल तेव्हा रजा कुणी टाकायची, हे पाळणाघराची फी भरायच्या आधी घरात ठरवून घ्या.